भाराचा पाय

‘आई, मी जायच्या आधी माझा तो पाय पूर्ण कर हं,’ यार्लेनिस म्हणाली. म्हणाली तीही किती सहज, मीठ संपलंय म्हणावं तितक्या सहज. तिची पाठ होती ओनेलियाकडे. मोरीच्या कडेला बसून ती बॅलेच्या नव्या बुटांना जुन्या टूथब्रशनं कॉफी लावत होती. बूट बाहेरून आलेले, गुलाबी सॅटिनचे. जगातल्या सगळ्या मुलींचे पाय गुलाबीच असतात अशी त्या बूटवाल्यांची समजूत असावी. त्या बुटांत यार्लेनिसचा सावळा पाय घोट्यापाशीच संपायचा आणि पुढं कुणा भलत्याच मुलीचा पाय सुरू व्हायचा. म्हणून कॉफी. तीही रेशनची, निम्मे भाजलेले वाटाणे घातलेली, पण रंग मात्र झकास चढायचा. ओनेलिया खिडकीशी रंगाचे ब्रश पुसत उभी होती. ‘पूर्ण कर’ हे दोन शब्द कानावर पडले आणि तिचं पुसणं थांबलं. फडकं हातातच राहिलं. ‘बघू,’ ती म्हणाली. ‘बघू नको, कर,’ पोरगी म्हणाली, आणि तिनं दुसरा बूट उचलला.

बोलली असेल सहज. सतरा-अठराची पोर, आपलं चित्र पुरं झालेलं बघावंसं वाटलं तर त्यात काय बिघडलं? असं ओनेलियानं स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावताच तिला कळलं की ही बात काही पटायची नाही. कारण हवानातल्या प्रत्येक नाचणाऱ्या पोरीला त्या पायाचा अर्थ माहीत होता. यार्लेनिस तर त्या चित्रांच्या खालीच रांगायला शिकलेली.

ओनेलियाची चित्र काढायची एक रीत होती. आधी मान, मानेवरचा घट्ट अंबाडा, मग पाठ, कंबर, मग उचललेला पाय. आणि ज्या पायावर सगळ्या बाईचा भार आहे तो पाय अगदी शेवटी. यात जादूटोणा काही नव्हता, साधी कामाची सोय होती. तो पाय जमिनीला टेकेपर्यंत बाईला जरा इकडे सरकवता येतं, जरा वळवता येतं. एकदा टेकला की ती उभी राहिली, मग तिला कुणी हलवू शकत नाही. ओनेलियाला तर हे शब्दांत सांगताही आलं नसतं. पण मेल्बाचा पाय तिनं टेकवला आणि पुढच्याच दौऱ्यात मेल्बा माद्रिदला राहिली. नाच झाला, टाळ्या झाल्या, सगळ्या मुली बसमध्ये चढल्या, मेल्बा चढली नाही. मग सुसेल. सुसेलचा पाय झाला आणि सुसेल मेक्सिकोत राहिली. लोक पहिल्या वेळेला योगायोग म्हणतात. दुसऱ्या वेळेला पोरींच्या रंगपटात कुजबुज सुरू झाली. ओनेलिया जिचा पाय टेकवते ती जाते. मग काय विचारता! पोरी तीन जिने चढून यायला लागल्या. हातात साबणाची वडी, नाहीतर कुठूनशी मिळवलेली तुपकट बिस्किटं. ‘ताई, माझं चित्र काढता का? आणि पायसुद्धा काढा हं, अर्धवट नको.’ त्या गेल्या की त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया यायच्या. आया अंडी आणायच्या. रुमालात बांधलेली अंडी टेबलावर ठेवून दाराकडे बघत हळूच म्हणायच्या, ‘बाई, तिचा पाय तेवढा राहू द्या. काहीतरी सबब सांगा. रंग संपला म्हणा.’

ओनेलिया तेव्हा हसायची. ‘अहो, काय खुळ्यासारखं बोलता,’ म्हणायची, आणि अंडी ठेवून घ्यायची. अंडी कुणाला नको असतात! पण आया खुळ्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, आणि तो फरक कळण्याइतकी तेव्हा ती आई झालेली नव्हती. जी पोर तिकडे राहायची तिला सरकार वर्षानुवर्षं परत पाऊल ठेवू देत नसे. मेल्बाची आई गेली तेव्हा चाळीतला एकुलता एक फोन शेजारच्या कुकाकडे होता. मेल्बा पलीकडून रडत होती आणि काय बोलावं कुणालाच सुचत नव्हतं. शेवटी कुकानं रिसीव्हरची तार ताणून तो खिडकीबाहेर धरला. खालून शवपेटी चालली होती. बायकांचं रडणं माद्रिदला ऐकू जावं म्हणून कुका हात लांब करून तशीच उभी राहिली, हात थरथरायला लागला तरी. ओनेलिया जिन्यात होती. तिला तो हात अजून दिसतो. मध्येच, रंग कालवताना, भाजी चिरतानासुद्धा.

आणि मग इराइदा. इराइदाच्या आईनं अंडी तर आणलीच, पण वर ओनेलियाचे दोन्ही हात धरले. ‘मला हीच एक आहे,’ म्हणाली. ओनेलियानं पाय टेकवला नाही. इराइदा रोज विचारायची, ओनेलिया रोज सबब सांगायची: पांढरा संपलाय, उजेड नाही, डोकं दुखतंय. दौऱ्याच्या आदल्या आठवड्यात तालमीत इराइदा उडी मारून खाली आली ती वेडीवाकडी, आणि घोटा मोडला. तोच पाय. चित्रात जिथं नुसतं कोरं कापड होतं, तोच. ती पुन्हा नाचली नाही. आता ती खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीतून पिझ्झा विकते आणि पिझ्झा द्यायला वळते तेव्हा आधी कंबर वळते, मग पाय ओढत येतो. तेव्हापासून ओनेलियानं कुणाचाच पाय पुरा केला नाही. पाठी, माना, मांड्या, घामानं चिकटलेली झग्याची जाळी, सगळं मन लावून. आणि खाली एका पायाच्या जागी कोरं कापड. प्रदर्शनात कुणी जाडा चष्मेवाला या कोऱ्या जागेवर अर्धा तास बोलला. बेटाची अधांतरी बाई, म्हणाला. मुळं तुटलेली स्त्री, म्हणाला. ओनेलिया मान डोलवत राहिली. काय सांगणार होती? की मी भितरी बाई आहे, पाय टेकवला तर पोरी जातात आणि न टेकवला तर मोडतात, म्हणून मी सगळ्यांनाच लोंबकळत ठेवलंय?

चित्र भिंतीला टेकून उभं होतं. दुपारची वीज गेलेली. पंखा थांबला की खोलीत आधी जवसाच्या तेलाचा वास येतो, मग खालच्या पिझ्झाचा, मग आपल्याच काखेचा. ओनेलिया चित्रासमोर स्टूल ओढून बसली. चित्रातली यार्लेनिस नाचत नव्हती. ओनेलियाच्या चित्रात कुणीच नाचत नसे. सरकारी आर्ट ऑफिसातल्या साहेबांना हंस झालेल्या नर्तकी हव्या असायच्या, पर्यटकांना डोक्यावर फळांची टोपली घेतलेल्या हसऱ्या बाया; तिच्या बाया मात्र नाच संपल्यावरच्या, नाहीतर सुरू व्हायच्या आधीच्या. पांढऱ्या जाळीचा घेर वर खोचून आंबा खात बसलेल्या, पाठीला हात पोचत नाही म्हणून दाराच्या कडेला पाठ घासणाऱ्या. चित्रातली यार्लेनिस मोरीपाशी उभी होती, एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत, हातात बादली. कंबर भरलेली. ती कंबर काढताना ओनेलियाचा हात कधी अडखळला नव्हता. ती कंबर ओनेलियाच्या आईची होती, एव्हारिस्ताची. एव्हारिस्ता जन्मभर थिएटरच्या तळघरात नाचणारणींच्या घेरांना इस्त्री करत राहिली, आणि छोट्या ओनेलियाला एकदा वर घेऊन गेली होती, बॅलेच्या शाळेत घेतात का बघायला. परीक्षक बाईनं पोरीला पाठमोरी उभी केली, कमरेवर दोन्ही हात ठेवले, घोड्याची करतात तशी पारख केली आणि शेजारणीला म्हणाली, ‘ही कंबर रस्त्यावरच्या ढोलांसाठी छान आहे.’ सगळ्या हसल्या. आईही हसली. तेच ओनेलियाला सहन झालं नाही, आईचं हसणं. परत तळघरात आल्यावर आईनं इस्त्री इतकी दाबली की घेर करपला. करपलेल्या जाळीचा वास. यार्लेनिसला मात्र शाळेत घेतलं. कमरेचं बघू, म्हणाले. बघायचं काय, पोरगी वर्षानुवर्षं कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळून तालीम करत आली. रात्री तो सोडला की कातडी पांढरी पडलेली, सुरकुतलेली असायची. ओनेलिया तिथं खोबरेल चोळायची आणि मनात त्या परीक्षक बाईला शिव्या घालायची. चित्रात तिनं कागद काढून टाकला होता. कंबर मोकळी सोडली होती. एव्हारिस्ता, ओनेलिया, यार्लेनिस, तिघींची. आणि खाली तिघींचा मिळून एक पाय, तो नव्हता.

‘अगं आहेस का?’ करत कुका आत आली. काखेत कोट. मोठा, करडा, लोकरीचा कोट. चाळीतून, बॅलेच्या शाळेतून, जी कुणी परदेशी जायची ती हाच कोट नेत असे. कुकाच्या नवऱ्यानं कधीकाळी मॉस्कोहून आणलेला. कुकानं तो पलंगावर टाकला, बाहीचा वास घेतला, आणि बसली. ‘दौरा टोरोंटोचा ना, तिथं बर्फ पडतं म्हणे. घाल म्हणावं पोरीला, लाजू नको. आणि हे बघ ओनेलिया, मी तोंडावर बोलते, राग मानू नकोस. हा कोट मेल्बानं नेला, सुसेलनं नेला. दोन्ही वेळा कोट तेवढा परत आला, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून, घडी घालून. यंदा कोटाच्या आत कुणीतरी असू दे, बाई.’ ‘तू पण ना, कुका! नाही नाही ते बोलतेस,’ ओनेलिया म्हणाली. पलंगावर पडलेला कोट, एक बाही छातीवर दुमडलेली. तिनं उठून ती बाही सरळ केली.

संध्याकाळी ती पिझ्झा आणायला खाली गेली. एरवी ती यार्लेनिसला पाठवायची. इराइदासमोर जायचं तिच्या जिवावर येई. पण यार्लेनिस तालमीला गेलेली. खिडकीत इराइदा एकटीच होती, कपाळावर पिठाचा हात लागलेला. चेहरा अजून सुंदर, लांब मान तशीच. ‘चालली म्हणे पोरगी,’ इराइदा म्हणाली. ‘हो.’ ‘पाय केलास?’ ओनेलियानं नोटा पुढं केल्या, सुट्टे शोधायचं सोंग केलं. ‘माझा का नाही केलास ते मला ठाऊक आहे,’ इराइदा पिझ्झा दुमडत म्हणाली. ‘आईनंच सांगितलं, डोळे मिटायच्या आधी. रडत होती. मी म्हटलं, आई, अंड्यांनी का कुणाचा घोटा मोडतो? आदल्या रात्री मी झोपले नव्हते, जमीन ओली होती, पडले. झालं.’ ओनेलियानं खिडकीची कड धरली. ‘इराइदा, मला…’ ‘थांब ना. तुला गंमत सांगते. मी राहणारच नव्हते तिकडे. मला इथंच लग्न करायचं होतं, त्या ढोलवाल्याशी, आठवतो? मला नुसता पाय बघायचा होता माझा. तू इतका छान काढायचीस पाय. तुम्ही दोघींनी मिळून ठरवून टाकलंत की मी जाणार. विचारलं मात्र कुणी नाही.’ ती वळली, आधी कंबर, मग पाय. ‘पिझ्झा गरम आहे, सांभाळून ने.’

ओनेलिया जिना चढली. पिझ्झाचं तेल कागदातून तळव्यावर उतरत होतं, चटका बसत होता, तरी तिनं हात बदलला नाही. विचारायचं. बास्स. एवढंच करायचं. पोरीला समोर बसवायचं आणि विचारायचं, तू परत येणार आहेस की नाही? एवढे साधे शब्द, आणि प्रत्येक पायरीवर त्यातला एकेक गळून जात होता. पहिल्या मजल्यावर तिला वाटलं, ‘येणार’ म्हणाली तर मी विश्वास ठेवीन का? दुसऱ्यावर वाटलं, ‘नाही’ म्हणाली तर? कळल्यावर मी तिला जाऊ देईन? हात धरून बसेन, आजारी पडेन, शाळेत जाऊन काहीबाही सांगेन. हो, सांगेनसुद्धा. एक शब्द बाहेर पडला तरी पोरीचं नाव दौऱ्यातून कापतील, कायमचं. आपण हे करू शकतो हे तिला तिथं, अंधाऱ्या जिन्यात, कठड्यावर हात असताना कळलं आणि तिला मुलीची नाही, स्वतःची भीती वाटली. इतकी की ती क्षणभर पायरीवर बसली. वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता, वीज आली होती.

जेवताना यार्लेनिस पिझ्झाच्या कडा सोडत होती, नेहमीसारख्या आईसाठी. ओनेलियाला कडा आवडतात अशी तिची लहानपणापासूनची समजूत. ती ओनेलियानं कधी मोडली नाही. सकाळच्या कॉफीचंही तसंच. कपात अर्धी ठेवून, वर बशी झाकून ती तालमीला पळायची, आणि उठल्यावर ओनेलिया ती गार कॉफी प्यायची. ‘यार्ले,’ ओनेलिया म्हणाली. ‘ऐक ना. तिकडे गेल्यावर…’ यार्लेनिसनं मान वर केली. तिचे डोळे एव्हारिस्तासारखे, बोलण्याआधी थोडे बारीक होणारे. ‘विचारू नकोस, आई,’ ती हळूच म्हणाली. ‘विचारलंस तर मी खरं सांगेन. मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये.’ खाली कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता. ‘आणि पाय?’ ओनेलियानं विचारलं. ‘पाय मला हवाय. मला लटकत जायचं नाही.’ ओनेलियानं एक कड उचलली आणि चावत राहिली.

पुढचे सगळे दिवस ती रंग कालवायची आणि पुसून टाकायची. पायाचा रंग तिला तोंडपाठ होता. वर टाचेशी तांबूस, बोटांवर जवळजवळ काळा, नखांशी पिवळट. दहा बोटं तिनं आपल्या हातानं धुतलेली, फोड फुटले की मीठपाण्यात बुडवलेली. ब्रश कापडापाशी न्यायची आणि हात अधांतरी थांबायचा. टेकवला तर ती जाईल. नाही टेकवला तर पडेल, परक्या देशात, परक्या स्टेजवर, आणि उचलायला मी नसेन. हा निव्वळ खुळेपणा आहे, ती स्वतःला सांगायची. इराइदा तर म्हणाली होती की अंड्यांनी घोटा मोडत नाही. पण खुळेपणा आहे हे कळल्यानं भीती जाते थोडीच! यार्लेनिस तालमीहून आली की आधी चित्राकडे बघायची, खाली, त्या कोऱ्या जागेकडे. मग चपला काढायची. ती रागावली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

निघायचा दिवस उजाडला. बस शाळेपासून सुटणार होती, विमान दुपारी. ओनेलियानं बॅग खाली उतरवली. कुकानं कोट यार्लेनिसच्या खांद्यावर घातला आणि पोर घामाघूम झाली म्हणून परत काढून हातात दिला. खिडकीतून इराइदानं कागदात गुंडाळलेला पिझ्झा पुढं केला. ‘बसमध्ये खा. आणि ओल्या जमिनीवर उड्या मारू नकोस गं बये.’ सगळ्या हसल्या. ओनेलियाही हसली, आणि हसताना तिला परीक्षक बाईसमोर हसलेली आई आठवली. ‘अय्या, अंबाड्याच्या पिना!’ यार्लेनिस एकदम म्हणाली. ‘वरच राहिल्या. आलेच.’ आणि ती जिना चढून गेली, दोन-दोन पायऱ्या एकदम घेत, हलकी. ओनेलिया तिच्या पावलांचा आवाज ऐकत उभी राहिली. बराच वेळ लागला. पिना सापडत नसतील. ‘येऊ का मी?’ तिनं खालून हाक मारली. ‘नको नको, मिळाल्या!’ खाली आली तेव्हा तिला धाप लागली होती, जी तिला कधी लागत नसे. शाळेपाशी सगळ्या आया बसच्या काचांना तळहात लावून उभ्या होत्या. यार्लेनिसनं आतून तळहात लावला. काच तापलेली होती. ओनेलियाला वाटलं, आता विचारावं, काचेतून तिला ऐकूच जाणार नाही. ओठ हलतील नुसते. पण बस हलली.

घरी आली तेव्हा खोलीत कॉफीचा वास होता. टेबलावर पिनांचा डबा जागच्या जागी, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. कप होता, बशी बाजूला काढून ठेवलेली. कप रिकामा. रोजची तिची अर्धी कॉफी नव्हती. कपाशेजारी तो जुना टूथब्रश. ओनेलियानं चित्राकडे बघायच्या आधी खुर्चीची पाठ धरली. कोऱ्या जागी पाय होता. कसला पाय! वेडावाकडा, चपटा, बोटं एकमेकांत मिसळलेली, टाच फार मोठी. यार्लेनिस लहानपणी भिंतींवर काढायची तसाच. कॉफीचा, एकाच रंगाचा. पण घट्ट टेकलेला. वरची सगळी कंबर, ती तिघींची कंबर, त्याच्यावर येऊन निवांत उभी राहिली होती.

रंगाचं अस्तर दिलेल्या कापडात कॉफी मुरली नव्हती, अजून ओली होती. खाली एक थेंब ओघळून थांबला होता. ओल्या फडक्यानं आत्ता पुसलं असतं तर सगळं निघून गेलं असतं, डागसुद्धा राहिला नसता. विमान अजून जमिनीवर होतं. ओनेलियाच्या हातात फडकं होतं, कधी घेतलं तिला कळलं नाही. बादलीत बुडवून, पिळून घेतलेलं, थंड. ती चित्रासमोर गुडघ्यांवर बसली. फडकं त्या पायाजवळ नेलं. खालच्या खिडकीतून इराइदा कुणाला तरी ओरडून सांगत होती की पिझ्झाला अजून वेळ आहे. ओनेलियाला ती वळताना दिसली, आधी कंबर, मग ओढत येणारा पाय. आणि कुकाचा हात दिसला, खिडकीबाहेर लांब केलेला, थरथरणारा. उद्या तोच रिसीव्हर माझ्यासाठी धरायला लागेल, तिला वाटलं. मी आत पेटीत असेन आणि पोरगी पलीकडे. ती रडायला लागली, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रडता रडताच तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि करडा रंग घेतला, थोडा निळा, थोडं तेल. पायाला पोरीनं सावली दिली नव्हती; सावलीशिवाय पाय जमिनीवर नीट बसत नाही, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ओनेलियानं ब्रश टेकवला. टाचेखालून सुरू करून ती सावकाश बोटांपर्यंत आली.